धाक कामाचा की माणसाचा?

नर्सिंगला प्रवेश मिळाला की घरच्यांना गणवेश दिसतो, शपथविधीचा फोटो दिसतो, पुढची नोकरी दिसते. वॉर्डातली पोस्टिंग मात्र कोणाला दिसत नाही. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी किंवा मुलगा सकाळी सातच्या ठोक्याला वॉर्डात हजर होतो आणि एकदम दोन वरिष्ठांच्या हाताखाली येतो. कॉलेजच्या मॅडमना केअर प्लॅन हवा असतो, इन-चार्ज सिस्टरांना राउंडच्या आधी ताप, नाडी, श्वास यांचा टीपीआर चार्ट. दोघींचं ऐकायचं, दोघींच्या सह्या मिळवायच्या आणि मध्ये खरा, दुखण्याने कण्हणारा माणूस सांभाळायचा. हा ताण कोणी कमी करायचा? विद्यार्थ्याने मन घट्ट करून, की वरिष्ठांनी वागणं बदलून?

या प्रश्नाच्या दोन बाजू इथे समोरासमोर बसवल्या आहेत. आत्या सरकारी रुग्णालयांत आयुष्य काढून परिसेविका म्हणून निवृत्त झालेली. भाची एम.एस्सी. नर्सिंग करून कॉलेजात पाठ्यनिर्देशिका झालेली, विद्यार्थ्यांना घेऊन रोज वॉर्डात जाणारी. दोघी कल्पित आहेत, प्रश्न मात्र रोजचे आहेत.

भाची : आत्या, आमच्या तिसऱ्या सेमिस्टरच्या मुली मेडिसिन वॉर्डात जायला घाबरतात. तिथल्या सिस्टर पेशंटसमोर ओरडतात. एका मुलीला वॉर्डाच्या दाराशी पोहोचलं की मळमळायला लागतं. दुसरी रात्र रात्र झोपत नाही. अभ्यासात दोघीही चांगल्या आहेत.

आत्या : अगं, पहिल्या पोस्टिंगला कोणाला मळमळलं नाही? वॉर्ड म्हणजे तुमची स्किल लॅब नव्हे. तिथल्या पुतळ्याला दहा वेळा सुई टोचली तरी तो 'आई गं' म्हणत नाही. इथे टोचणाऱ्याचा हात थरथरला की समोरचा माणूस कळवळतो. थोडा धाक हवाच. धाक नसला की मुलं गप्पा मारत औषधं भरतात.

भाची : धाक हवा, पण कशाचा?

आत्या : सांगते. मी एका जिल्ह्याच्या रुग्णालयात होते तेव्हाची गोष्ट. नाश्त्याआधीची इन्सुलिनची वेळ. मुलीच्या हातात लाल टोपणाची सिरिंज होती, म्हणजे ४० युनिटवाल्या इन्सुलिनची. कुपी मात्र नातेवाइकांनी बाहेरून आणलेली, १०० युनिटवाली. तिने १० च्या रेघेपर्यंत औषध भरलं. तिच्या हिशेबाने १० युनिट, खरं तर ते २५ युनिट होत होतं. म्हातारा माणूस, पोटात अन्नाचा कण नाही. मी जागच्या जागी तिचा हात धरला आणि जोरात म्हटलं, "थांब!" अख्ख्या वॉर्डाने वळून पाहिलं. आता तूच सांग, मी हळू आवाजात समुपदेशन करत बसायला हवं होतं?

भाची : नाही. तिथे ओरडायलाच हवं होतं. पण पुढे काय केलंस?

आत्या : पुढे काय! आधी त्या आजोबांना योग्य डोस मिळाला का ते पाहिलं. मग तिला टेबलापाशी नेलं. लाल टोपणाची आणि १०० युनिटवाल्या इन्सुलिनची नारिंगी टोपणाची, दोन्ही सिरिंजा समोर ठेवल्या. कुपीवर लिहिलेलं मोठ्याने वाचायला लावलं. एका मिलीमध्ये ४० युनिट असतील तर रेघ कुठे येते, १०० असतील तर कुठे येते, हा हिशेब तिच्याकडून कागदावर करून घेतला. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर पुन्हा भरायला लावलं.

भाची : झालं तर मग. तिला शिकवलं त्या टेबलाने. 'थांब' म्हणालीस त्याने पेशंट वाचला, ते त्या क्षणापुरतं होतं. आमच्या मुलींच्या वाट्याला नुसता आवाज येतो, टेबल येतच नाही. "तुम्हाला कॉलेजात काय शिकवतात?", "कुठून आलीस गं?", "तुझ्याने हे व्हायचं नाही", एवढं ऐकून ती मुलगी मागे सरकते. नेमकं काय चुकलं हे तिला कळतच नाही.

आत्या : ते बरोबर नाही, हे मान्य. पण ताण पूर्ण काढून टाकला तर माणूस सुस्तावतो, हेही तितकंच खरं. तुमच्या मानसशास्त्राच्या पुस्तकात तो उलट्या घमेल्यासारखा आलेख असतो ना? ताण फार कमी असला तरी काम बिघडतं, फार वाढला तरी बिघडतं.

भाची : हो, यर्क्स आणि डॉडसन यांच्या नावाने ओळखला जातो तो. मूळ प्रयोग १९०८ सालचा, उंदरांवरचा. त्यातलं अर्धंच सगळे सांगतात. काम सोपं होतं तेव्हा विजेचा झटका वाढवला तरी उंदीर लवकर शिकत होते. काम अवघड झालं की मात्र सौम्य झटकाच उपयोगी पडत होता, जास्त झटक्याने शिकणं मंदावत होतं. तुझ्यासारख्या अनुभवी सिस्टरला बीपी घेणं हे डोळे मिटून करायचं काम. दुसऱ्या वर्षाच्या मुलीला त्याच कामात कफ बांधायचा, आवाज ओळखायचा, पेशंटशी बोलायचं, आकडा लक्षात ठेवायचा, असं सगळं एकाच वेळी सांभाळायचं असतं. म्हणजे जो ताण तुला ताजंतवानं ठेवतो, तोच तिला गोठवतो.

आत्या : पॅट्रिशिया बेनर शिकवतेस ना तू? नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंतच्या पायऱ्या?

भाची : शिकवते तर. १९८४ चं पुस्तक आहे ते. त्यातला नवशिका नियमाला धरून चालतो आणि तज्ज्ञाला परिस्थिती एका नजरेत कळते. म्हणून तर तज्ज्ञाला नवशिक्याची अडचण दिसेनाशी होते. "एवढं साधं कळत नाही का?" हे वाक्य तिथून येतं.

आत्या : बरं, आता माझी बाजू ऐक. तुमच्या इंडियन नर्सिंग कौन्सिलचे निकष काय सांगतात? शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका. इतर रुग्णालयांत पाचांमागे एक. प्रत्यक्षात रात्रपाळीला किती असतात ते तुला माहीत आहे. खाटा भरलेल्या, जमिनीवर गाद्या घातलेल्या, एकीला अख्खा वॉर्ड. ऑक्सिजन संपत आलाय, रक्त आणायला माणूस नाही, नातेवाईक अंगावर धावून येतायत. आणि अशात तुझी विद्यार्थिनी वही घेऊन विचारते, "सिस्टर, सही करता का?" चिडणार नाही तर काय करेल ती?

भाची : तिचा राग मला कळतो. पण आत्या, त्या मनुष्यबळाच्या तुटवड्याचं बिल विद्यार्थिनीच्या नावावर कसं फाडायचं? ती शिकायला आलेली असते. तिला सकाळपासून बेड मेकिंग, मग लॅबमध्ये नमुने पोहोचवणं, मग फार्मसीत धाव. दुपारी दीड वाजता निघताना तिच्या वहीत दाखवायला एकही प्रोसिजर नसते. मग रात्री केअर प्लॅन लिहिताना ती कल्पनेने लिहिते आणि दुसऱ्या दिवशी माझी बोलणी खाते.

आत्या : आम्हीही असंच शिकलो. हात फिरला म्हणून हाताला वळण लागलं.

भाची : आणि किती जणी अर्ध्यातून गेल्या, हे कधी मोजलं का? लंडनमध्ये मोजलं होतं. इसाबेल मेंझीस नावाच्या बाईंनी तिथल्या एका मोठ्या शिकवणाऱ्या रुग्णालयाचा अभ्यास केला आणि १९६० मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे एक तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण पूर्ण न करता जात होत्या आणि त्यांतल्या बहुतेक स्वतःहून. मेंझीस यांचं म्हणणं असं होतं की आजार, वेदना, मृत्यू यांच्या इतक्या जवळ राहून सगळ्यांच्याच मनात भीती साठते. ती बोलून दाखवायची सोय नसते, म्हणून रुग्णालय तिच्यावर व्यवस्थेचं झाकण घालतं. माणसाला नावाने न बोलावता "दहा नंबरचं लिव्हर" म्हणायचं, काम तुकड्यांत वाटायचं, प्रत्येक गोष्ट दोनदोनदा तपासायची, भावना दाखवायच्या नाहीत. भीती मात्र जात नाही. ती कडकपणा होऊन खालच्या पायरीवर उतरते आणि सगळ्यात खाली विद्यार्थिनी उभी असते.

आत्या : "दहा नंबर" आम्हीही म्हणायचो. पण भावना दाखवायच्या नाहीत हे माझ्या वॉर्डाला लागू नव्हतं हं. पहिल्या वर्षाच्या मुलीने पहिला मृत्यू पाहिला की त्या देहाची आवराआवर मी तिला एकटीला कधी करू दिली नाही. मी स्वतः तिच्यासोबत उभी राहायचे. डोळे मिटवणं, नळ्या काढणं, अंग पुसणं, चादर घालणं, सगळं बरोबर. हळू आवाजात एकेक पायरी सांगायची. मग तिला ड्युटी रूममध्ये बसवून चहा द्यायचा आणि म्हणायचं, "रडायचं असेल तर रड. मग तोंड धू आणि नातेवाइकांशी बोलायला माझ्याबरोबर चल."

भाची : आत्या, हेच तर मी दोन तास सांगतेय! तू कडक होतीस, पण मुलीला एकटं सोडत नव्हतीस. कडकपणा आणि सोबत एकत्र असली की मुलं तो कडकपणा आनंदाने सोसतात. आता तुझ्या जागी आलेल्या काही जणींनी कडकपणा तेवढा उचलला.

आत्या : आणि तुमच्या काही जणींनी सोबत तेवढी उचलली. मुलगी चुकली की लगेच "तिला ताण आला असेल." ताण आला म्हणून चुकीच्या पेशंटला इंजेक्शन दिलेलं चालेल का? नाव विचारून, केसपेपर पाहून मगच हात लावायचा, यात सवलत नाही.

भाची : नाहीच. पण चुकीवर धाकाचा परिणाम काय होतो ते बघ. आमच्या एका मुलीला पुरुष वॉर्डात सुई टोचली. इंजेक्शन देऊन झाल्यावर सुईवर पुन्हा टोपण बसवत होती.

आत्या : टोपण परत बसवायचंच नाही! सुई सरळ हब कटरमध्ये.

भाची : तेच. तिलाही ते माहीत होतं, म्हणूनच ती बोलली नाही. नियम मोडला, ग्लोव्हज नव्हते, सिस्टर सगळ्यांसमोर झाडतील. तिने बोट पिळून रक्त काढलं, कापूस दाबला आणि शिफ्ट पूर्ण केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉस्टेलमधल्या मैत्रिणीने मला फोन केला, तेव्हा कुठे कळलं. आता ताळा मांड. सुई टोचली की जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, बोट तोंडात घालायचं नाही. पेशंट एचआयव्हीबाधित असेल तर संसर्गाची शक्यता हजारात सुमारे तीन. प्रतिबंधक औषधं पहिल्या दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि ती २८ दिवस घ्यायची. हिपॅटायटिस बीचा धोका तर लस घेतली नसेल तर याहून कितीतरी जास्त. त्या पेशंटचे रिपोर्ट निगेटिव्ह आले म्हणून निभावलं. पण सोन्यासारखे पहिले दोन तास गेलेच ना? धाकाने सुई टोचायची थांबली नाही, सुई टोचल्याची बातमी तेवढी थांबली.

आत्या : हं. हे वाईट झालं. तिने सांगायला हवं होतं.

भाची : तिने सांगायला हवं होतं, आणि तिला सांगता येईल असं आपण वागायला हवं होतं. अमेरिकेत एमी एडमंडसन या बाईंनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासल्या. त्यांना वाटलं होतं, चांगल्या प्रमुखाच्या वॉर्डात चुका कमी निघतील. निघाल्या जास्त. मग लक्षात आलं, तिथे चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. ज्या वॉर्डात प्रमुखाची दहशत होती, तिथले कागद स्वच्छ होते.

आत्या : स्वच्छ कागदाला मी आयुष्यभर भीत आले. शिफ्ट बदलताना ज्या ओव्हरमध्ये "काही विशेष नाही" असं सांगितलं जातं, तिथे मी आधी फेरी मारायचे. तुझं हे पटलं. वॉर्डातलं काहीही आधी सिस्टरच्या कानावर आलं पाहिजे. ज्या सिस्टरला शेवटी कळतं, तिचा धाक फुकट.

भाची : मग सांग, मुलींनी काय करावं? सिस्टरचा स्वभाव काही त्यांना बदलता येणार नाही.

आत्या : पहिल्या दिवशी कोपऱ्यात घोळका करून उभं राहायचं नाही. ओव्हर संपला की समोर जायचं आणि नाव, कॉलेज, कितवं सेमिस्टर, किती दिवस आहे, ते सांगायचं. मग सगळ्यात महत्त्वाचं. काय नुसतं पाहिलंय, काय कोणाच्या देखरेखीखाली केलंय आणि काय एकटीने जमतं, ते स्पष्ट सांगायचं. "सिस्टर, रायल्स ट्यूब टाकताना मी पाहिलीय, टाकलेली नाही. आज कोणाला टाकायची असेल तर मला बोलवाल का?" असं म्हणणारी मुलगी मला फार आवडायची. जमत नसताना "हो" म्हणणारीची भीती वाटायची.

भाची : आणि ओरडा बसला तर?

आत्या : पेशंटसमोर उलट बोलायचं नाही, रडत पळायचंही नाही. हातातलं काम सुरक्षितपणे सोडायचं. तासाभराने, सिस्टर टेबलावर बसल्या की जाऊन विचारायचं, "मघाशी माझं नेमकं काय चुकलं? पुढच्या वेळी तुमच्यासमोर करून दाखवू का?" दहातल्या आठ सिस्टर तिथेच निवळतात. सहीची वही मात्र राउंडच्या वेळी पुढे करायची नाही. औषधांची वेळ टळली की मगच.

भाची : उरलेल्या दोघींचं काय?

आत्या : त्यांच्यासाठी तू आहेस ना? तू वॉर्डात असतेस की ऑफिसात?

भाची : घाव बरोबर ठिकाणी बसला. निकष दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे, पण ते दहा जण चार वॉर्डांत विखुरलेले असतात आणि मी जिथे नसते तिथेच प्रसंग घडतो. म्हणून मी आता वेगळं सुरू केलंय. पोस्टिंगच्या आधी इन-चार्ज सिस्टरांना भेटून एक कागद देते. या आठवड्यात मुलींनी काय शिकायचं, काय एकटीने करायचं नाही, सही कोण करेल, तातडीला कोणाला फोन करायचा. शिफ्ट संपल्यावर मुलींना पंधरा मिनिटं बसवते. आज काय जमलं, काय घाबरवून गेलं, उद्या काय करून पाहायचं. कोणाची खिल्ली उडवायची नाही, हा तिथला एकच नियम.

आत्या : त्यात एक भर घाल. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीकडून येणाऱ्या मुलांना इंग्रजी केसपेपरचं ओझं फार होतं. बारावीपर्यंत मराठीत शिकलेली असतात. डॉक्टरांचं अक्षर लागत नाही, संक्षेप कळत नाहीत, आणि विचारलं तर हसू होतं. पण तीच मुलं त्या भागातल्या पेशंटशी त्याच्या बोलीत बोलतात आणि त्याचं दुखणं दोन मिनिटांत बाहेर काढतात. त्यांच्या खिशात पहिल्याच दिवशी वॉर्डातल्या संक्षेपांची एक पानाची यादी असू दे.

भाची : देते. एक गोष्ट मात्र मी तुझ्याकडून वदवून घेणार आहे. प्रत्येक त्रास हा "कडक सिस्टर" या नावाखाली झाकायचा नाही. सहीच्या बदल्यात घरची कामं सांगणं, जातीवरून टोमणे मारणं, अंगाशी येणं, सतत एकालाच हेरून अपमान करणं, याला शिस्त म्हणत नाहीत.

आत्या : अजिबात नाही. तिथे "सोस" असं मी सांगणार नाही. तारीख, वेळ, शब्द, कोण हजर होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवायचं आणि प्राचार्यांकडे लेखी द्यायचं. अंगाशी येण्याचा प्रकार असेल तर अंतर्गत तक्रार समिती आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात शिकाऊ मुलीही धरलेल्या आहेत आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते, हे मुलींना आधीच सांगून ठेवा.

भाची : आणि मन फारच खचलं, झोप उडाली, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर परीक्षा होईपर्यंत थांबायचं नाही. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. तो मी प्रत्येक लॉगबुकच्या पहिल्या पानावर लिहायला लावते. इतरांची नाडी मोजणाऱ्यांनी स्वतःच्या झोपेची आणि जेवणाची नोंद ठेवायला लाजायचं कारण नाही.

आत्या : चांगलं करतेस. तरी एक सांगून ठेवते. मी तुझ्या कॉलेजात बोलायला आले तर मुलांना गोंजारणार नाही. हात धुतला नाही तर बोलेन, औषधाचं लेबल तीनदा वाचलं नाही तर बोलेन, पेशंटला न सांगता अंगावरची चादर ओढली तर ओरडेन.

भाची : ओरड. फक्त चूक सांग, आई-बाप काढू नकोस. कामाचा धाक राहू दे, माणसाचा नको.

आत्या : कबूल. आणि तुझ्या मुलांना सांग, सिस्टर चिडली तरी बेहत्तर, पण चूक झाली की पहिल्या मिनिटाला तिच्याकडे जा. तिच्या रागाने तुमचा फार तर एक दिवस वाईट जाईल. लपवलेल्या चुकीने पेशंटचा जीव जाईल.

भाची : सांगते. आणि सिस्टरांना माझं एवढंच मागणं राहील. चूक घेऊन कोणी समोर आलं की पहिला प्रश्न "पेशंट कसा आहे?" आणि दुसरा "तू ठीक आहेस ना?" असू दे. कोणाचं चुकलं, हा तिसरा. तो विचारायचाच, पण तिसरा.